पिन एक झाली, पण चार्जर अजून वेगळेच

निरंजनवात

मागच्या महिन्यात आम्ही सगळी भावंडं दोन दिवसांसाठी एकत्र जमलो होतो. आईचा फोन नवाकोरा, पण त्याचा चार्जर तिच्या घरी भिंतीलाच राहिला. "असू दे गं, इथे पाच चार्जर आहेत," असं मीच तिला म्हटलं. पाचही टाईप-सी. त्यातला एक तर लॅपटॉपचा, ६५ वॉटचा. तो लावला. पिन चपखल बसली, फोन चार्ज होतोय असं दिसलं, आम्ही निर्धास्त. पाऊण तासाने निघायची वेळ झाली तेव्हा बॅटरी ९ टक्क्यांवरून ३८ वर आलेली. ज्या फोनच्या खोक्यावर ८० वॉट असं ठळक छापलंय आणि जो स्वतःच्या चार्जरवर तेवढ्या वेळात जवळजवळ भरतो, त्याची ही गत. दुसऱ्या दिवशी बाकीचे चारही लावून पाहिले. फारसा फरक नाही.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. पिनेचा प्रश्न सुटला असं आपण सगळ्यांनी गृहीत धरलंय आणि तो अर्धाच सुटलाय.

पूर्वीचं ज्यांना आठवतं त्यांना सांगायला नको. नोकियाची एक जाडी पिन होती, साडेतीन मिलीमीटरची, मग दोन मिलीमीटरची बारीक आली. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन फोनांना दोन चार्जर. सॅमसंगची रुंद चपटी वेगळी, सोनी एरिक्सनची दात असलेली वेगळी. ॲपलची ३० पिनांची पट्टी २००३ साली आयपॉडबरोबर आली आणि पुढे आयफोनलाही तीच राहिली. २००९ मध्ये युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी एक करार केला की यापुढे मायक्रो-यूएसबी. पण तो करार ऐच्छिक होता आणि त्यात एक पळवाट होती: फोनला स्वतःची पिन ठेवा, फक्त मायक्रो-यूएसबीचा जोड, म्हणजे ॲडॉप्टर, उपलब्ध असू द्या. ॲपलने नेमकं तेच केलं. २०१२ मध्ये त्यांची लाइटनिंग ही नवी पिन आली, २०१४ च्या ऑगस्टमध्ये टाईप-सीचं प्रमाण, म्हणजे स्टँडर्ड, जाहीर झालं, आणि आयफोनला टाईप-सी यायला २०२३ चा सप्टेंबर उजाडला. तोही युरोपने कायदा केल्यावर.

एवढी वर्षं आपण भोकाच्या आकारावर भांडलो. त्या काळात कंपन्यांनी कुलूप दुसरीकडे हलवलं. आता पिन सगळ्यांची तीच, पण चार्जर आणि फोन एकमेकांशी जे बोलतात ती भाषा प्रत्येकाची वेगळी. भाषा जुळली नाही की दोघंही मुकाट्याने ५ व्होल्टवर येतात आणि रांगत राहतात.

गंमत नाही, हे खरंच नीट पाहण्यासारखं आहे. आयफोन ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, लाइटनिंगवाले आयफोन यूएसबी पॉवर डिलिव्हरीने, म्हणजे पीडीने, वेगात चार्ज व्हायचे. केबलचं एक टोक टाईप-सी, दुसरं लाइटनिंग, आणि चार्जर कुठल्याही कंपनीचा चालायचा. पिन स्वतःची, पण भाषा सगळ्यांची. आईच्या फोनचं बरोबर उलट: पिन सगळ्यांची, भाषा स्वतःची. त्या दिवशी या दोन्हींपैकी कामाला कोण आलं असतं? मला विचाराल तर पहिला. केबल पाहुण्याकडून मागून घेता येते. ८० वॉटच्या चार्जरची ती विशिष्ट वीट कुणाकडे मागायची?

तुमचे अनुभव सांगा. आणि ज्यांना आतलं कळतं त्यांनी कृपया समजावून सांगा, हे असं का करतात.


खटपट्या

चांगला धागा. मी फोनदुरुस्तीच करतो, त्यामुळे रोजचा संबंध आहे. "का" चं उत्तर देतो, थोडं लांबेल.

वीज केबलमधून नेताना वाटेत गळते. केबलचा रोध समजा जाऊन-येऊन ०.२ ओहम आहे. २० वॉट ५ व्होल्टने न्यायचे तर ४ अँपिअर लागतात. गळती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ३.२ वॉट केबल तापवण्यात गेले, आणि फोनपाशी ५ ऐवजी ४.२ व्होल्टच पोचले. तेच २० वॉट ९ व्होल्टने नेले तर प्रवाह सव्वादोनच्या आसपास येतो आणि गळती एका वॉटवर. म्हणून क्वालकॉम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या क्विक चार्ज पद्धतीने व्होल्टेज वाढवलं. पीडीनेही तोच रस्ता धरला: ५, ९, १५, २० व्होल्ट.

पण फोनची बॅटरी साधारण पावणेचार ते साडेचार व्होल्टची. ९ व्होल्ट आत आले की ते खाली आणणारं सर्किट फोनमध्ये लागतं आणि ते तापतं. फोन तापला की चार्जिंग मंदावावंच लागतं. यावर २०१४ मध्ये ओप्पोने वूक नावाची वेगळी युक्ती काढली. व्होल्टेज कमीच ठेवायचं, प्रवाह वाढवायचा, आणि बॅटरीला हवं तेवढंच व्होल्टेज चार्जरनेच मोजून-मापून द्यायचं. म्हणजे तापायचं काम फोनकडून काढून भिंतीवरच्या विटेकडे. वनप्लसचं डॅश चार्ज हे त्याचंच भावंड, ५ व्होल्ट ४ अँपिअर. तंत्र म्हणून सुंदर आहे, मी आजही मानतो. फोन हातात गार राहतो.

आता अडचण. ४ अँपिअर साध्या केबलमधून गेले तर व्होल्टेज पडतं, म्हणून केबल जाड, तिच्या टोकाला स्वतःची ओळख. चार्जर आधी विचारतो, केबल आपली का? फोन आपला का? दोन्ही उत्तरं "हो" आली तरच नळ मोकळा. नाहीतर ठिबक. पुढे तर १० व्होल्ट ६.५ अँपिअर असं ६५ वॉट झालं. टाईप-सीच्या प्रमाणात ५ अँपिअरच्या वर जायची परवानगीच नाही. म्हणजे आकार टाईप-सीचा, पण आत चाललंय ते टाईप-सीच्या नियमाबाहेरचं.


सायंतारा

खटपट्या, पहिल्यांदाच हे नीट कळलं, आभार. मला एक अगदी साधी अडचण विचारायची आहे, धाग्याला धरून आहे की नाही माहीत नाही.

माझ्याकडे हातातला छोटा टॉर्च आहे, चार्जिंगला टाईप-सी. फोनचा नवा चार्जर, ज्याला दोन्ही टोकांना टाईप-सी असलेली केबल येते, तो लावला तर टॉर्च ढिम्म. दिवाच लागत नाही. तोच टॉर्च जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलवर बिनबोभाट चार्ज होतो. पिन तीच की! नवा चार्जर बिघडलाय का? फोन मात्र त्यावर व्यवस्थित होतो.


खटपट्या

चार्जर उत्तम आहे. टॉर्च बनवणाऱ्याने दोन रेझिस्टर वाचवलेत.

टाईप-सीच्या पोर्टमध्ये २४ संपर्क असतात, १२ वर, १२ खाली. त्यातल्या दोघांना सीसी म्हणतात. नियम असा की चार्जरने पिन लावल्या लावल्या वीज सोडायचीच नाही. आधी सीसीवर पाहायचं की समोर कुणी आहे का. समोरच्याने स्वतःची ओळख म्हणून दोन्ही सीसीवर ५.१ किलोओहमचा एकेक रेझिस्टर जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेला असायला हवा. तो दिसला की चार्जरला कळतं, "आहे कुणीतरी, आणि त्याला वीज हवीय." पिन सुलटी की उलटी हेही दोनपैकी कुठल्या सीसीवर दिसलं यावरूनच ठरतं. तुमच्या टॉर्चमध्ये ते रेझिस्टर नसावेत. चार्जर दार वाजण्याची वाट बघत बसतो, टॉर्च दार वाजवत नाही.

जुन्या चौकोनी पोर्टवर ५ व्होल्ट कायमच असतात, कुणी विचारो न विचारो. म्हणून ती केबल चालते. टॉर्चसाठी एक जुनी केबल बाजूला ठेवून द्या, यापेक्षा उपाय नाही. असे ब्लूटूथ स्पीकर, दाढीची मशीन, खेळणी माझ्याकडे "चार्जिंग पोर्ट गेलंय" म्हणून येतात. पोर्ट ठणठणीत असतं.


उलटतपासणी

धागा चांगला आहे, पण सूर थोडा एकतर्फी वाटला म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी कुठल्या कंपनीचा नाही.

२०१२ साल आठवा. त्या वेळचं "प्रमाण" म्हणजे मायक्रो-यूएसबी. अंधारात लावताना तीनदा फिरवावी लागायची. नाजूक, तिरकी ओढली की पोर्ट बोर्डावरून उखडायचं. त्याच वर्षी लाइटनिंग आली: आठ संपर्क, कशीही लावा, टोक एकजीव धातूचं. टाईप-सी यायच्या दोन वर्षं आधी. समजा २००९ चा करार ऐच्छिक नसता, पळवाट नसती, मायक्रो-यूएसबी सक्तीची असती, तर लाइटनिंग निघालीच नसती. आणि उलटी-सुलटी कशीही लागणारी पिन शक्य आहे, लोकांना ती आवडते, हे सिद्ध झालं नसतं तर टाईप-सी तशी झाली असती का? मला शंका आहे.

वूकचंही तेच. खटपट्यांनीच वर सुंदर म्हटलंय. प्रमाण ठरवणाऱ्या समितीत शंभर कंपन्या बसतात, सगळ्यांचं एकमत व्हायला वर्षं लागतात. कुणीतरी वेगळं करून दाखवल्याशिवाय समिती हलत नाही.


निरंजनवात

उलटतपासणी, मायक्रो-यूएसबीबद्दल शंभर टक्के सहमत. तिच्या बाजूने मी एक शब्द लिहिणार नाही. आणि लाइटनिंग २०१२ मध्ये आली हे चांगलंच झालं, हेही मान्य.

माझं भांडण ११ वर्षांशी आहे. २०१४ मध्ये टाईप-सीचं प्रमाण आलं. २०१५ मध्ये ॲपलच्याच १२ इंची मॅकबुकला हेडफोनचं सोडलं तर तेवढं एकच पोर्ट होतं. २०१८ मध्ये आयपॅड प्रोला आलं. म्हणजे त्याच घरातल्या लॅपटॉपला चालतं, टॅबलेटला चालतं, आणि फोनला मात्र २०२३ पर्यंत नाही. यात नवं काय शोधलं जात होतं? लाइटनिंगच्या केबलमध्ये ओळख पटवणारी चिप असते आणि इतर कंपन्यांना अधिकृत केबल विकायची तर ॲपलचा परवाना घ्यावा लागतो. सुरुवातीची दोन वर्षं ती नवी वाट होती. नंतरची नऊ वर्षं तो टोलनाका होता.

आणि सगळ्यात जास्त मला २०२० चं लागलं. आयफोन १२ बरोबर खोक्यातून चार्जर काढला, कारण दिलं की लोकांकडे जुने आहेत, कचरा वाचेल. तत्त्व पटण्यासारखं आहे. पण त्याच खोक्यात केबल कुठली? एका टोकाला टाईप-सी. बहुतेकांकडचे जुने चार्जर चौकोनी यूएसबीचे. केबल जुनी होती तर ठीक, नाहीतर नवा चार्जर घ्याच. कचरा कमी करायचा तर पिन आधी एक करायला हवी होती, चार्जर नंतर काढायला हवा होता.


खटपट्या

यात माझी भर. पिन कुठली बरी हा वाद दुरुस्तीच्या टेबलावर रोज दिसतो, आणि तो वाटतो तितका सोपा नाही.

झिजणारी वस्तू असते ती स्प्रिंग. संपर्कातली बारीकशी पत्ती, जी दाबली जाऊन परत उसळते. ही स्प्रिंग फोनमध्ये ठेवायची की केबलमध्ये, यात सगळं आलं. जुन्या मिनी-यूएसबीत ती फोनच्या बाजूला होती, झिजली की फोन उघडा. मायक्रोने ती केबलच्या टोकात हलवली, तुम्ही बघितलं असेल, टोकाला दोन बारीक आकडे वर आलेले असतात. हेतू हाच की झिजायचंच तर केबल झिजू दे, ती बदलणं सोपं. टाईप-सीनेही तेच ठेवलं, स्प्रिंगा केबलच्या तोंडात, १०,००० वेळा लावण्या-काढण्याइतकं आयुष्य धरून.

लाइटनिंगमध्ये उलट आहे. केबलचं टोक भक्कम, गुळगुळीत, पण स्प्रिंगा फोनच्या पोटात. लोक केबलचं टोक बघून म्हणतात, काय मजबूत! हो, केबल मजबूत. झीज फोनच्या वाट्याला. शिवाय त्या आठ सोनेरी पट्ट्यांमधली वीज वाहणारी एक पट्टी काळी पडते, हे आयफोनवाल्यांनी नक्की पाहिलं असेल. ओल आणि ठिणगीने ती जळते आणि मग केबल एका बाजूने लागते, दुसऱ्या बाजूने नाही.

टाईप-सीचं दुखणं दुसरं. पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्यावर दोन्हीकडून संपर्क. खिशातले धागे, धूळ त्या जिभेच्या भोवतीच्या खाचेत जाऊन बसतात. आपण केबल लावतो तेव्हा ते आणखी दाबून घट्ट करतो. काही महिन्यांनी तळाशी नमद्यासारखा थर होतो. मग केबल पूर्ण आत जात नाही, टक असा आवाज येत नाही, जरा हललं की चार्जिंग सुटतं. दहा जण "पोर्ट बदला" म्हणून येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं मी फक्त साफ करून देतो. आतून निघालेली गोळी हातावर ठेवली की त्यांचा विश्वास बसत नाही, एवढी मोठी असते.

घरी करायचं असेल तर फोन बंद करा, लाकडी दातकोरणी घ्या, टोक जरा चपटं करा, आणि जिभेच्या बाजूने नाही, बाहेरच्या भिंतीच्या कडेने हळूच उकरा. टाचणी, सुई, पिन अजिबात नको. जीभ तडकली की मग खरंच पोर्ट बदलावं लागतं.


अक्षांश

युरोपच्या कायद्याबद्दल वर ओझरता उल्लेख आहे म्हणून थोडं नेमकं सांगतो, कारण निरंजनवात यांच्या आईच्या फोनचा संबंध थेट तिथे पोचतो.

युरोपीय संसदेत ४ ऑक्टोबर २०२२ ला मतदान झालं: बाजूने ६०२, विरोधात १३, तटस्थ ८. निर्देशाचा क्रमांक २०२२/२३८०. फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन वगैरेंना २८ डिसेंबर २०२४ पासून लागू, आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. बहुतेक बातम्या "टाईप-सीची सक्ती" इथेच थांबल्या. पण त्यात दुसरं कलम आहे आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. तारेने चार्ज होणारं जे उपकरण ५ व्होल्ट, ३ अँपिअर किंवा १५ वॉट यांपैकी कशाच्याही वर जातं, त्याला पीडी यायलाच हवी. कंपनीने स्वतःची वेगळी पद्धत ठेवली तर ठेवो, पण तिने पीडीच्या आड येता कामा नये. तिसरं, फोन चार्जरशिवाय घेण्याचा पर्याय दिला पाहिजे, आणि खोक्यावर छोटं चिन्ह हवं, की याला किमान किती आणि कमाल किती वॉट लागतात, पीडी येते की नाही.

म्हणजे कायदा करणाऱ्यांना हे कळलं होतं की नुसता आकार एक करून भागणार नाही.

"नावीन्य खुंटेल" ही ॲपलची हरकत तेव्हा खूप गाजली. त्यावर उत्तर असं आहे की पुढे याहून चांगलं प्रमाण आलं तर आयोग पिनेचं नाव बदलू शकतो, पूर्ण कायदा नव्याने करावा लागत नाही. ते वेळेवर होईल का, याची मात्र मलाही काळजी वाटते. उलटतपासणींची भीती अगदीच निराधार नाही.


उलटतपासणी

अक्षांश, नेमकी माहिती, आवडली. दुसरं कलम मला ठाऊक नव्हतं.

पण मग एक सांगा, पीडी "यायला हवी" आणि पीडीवर "तितक्याच वेगात चार्ज व्हायला हवं" यात फरक नाही का? ८० वॉटच्या फोनने पीडीवर १८ वॉट घेतले तरी तो पीडी बोलतो असंच म्हणावं लागेल.


अक्षांश

फरक आहे, आणि आज बाजारात नेमकं त्याच फटीत बरंच काही चाललंय. स्वतःच्या चार्जरवर भन्नाट वेग, पीडीवर त्याच्या चौथ्या हिश्श्याने. नियमभंग नाही, पण ज्याच्या हातात तो फोन आहे त्याला काय फरक पडतो? चीनमध्ये ओप्पो, विवो, शाओमी, हुआवे यांनी मिळून यूएफसीएस नावाची सामाईक पद्धत ठरवली, म्हणजे एकमेकांचे चार्जर चालावेत एवढी इच्छा त्यांच्यातही आहे. पण एक सामाईक भाषा असताना दुसरी सामाईक भाषा काढणं मला पटत नाही. पीडीतच सगळं आहे.


खटपट्या

"पीडीतच सगळं आहे" याला जोडून एक गोष्ट उलटतपासणींसाठी, त्यांच्याच बाजूची.

वूकची मूळ कल्पना होती की बॅटरीला हवं तेवढं व्होल्टेज चार्जरनेच द्यायचं. २०१७ मध्ये पीडीत पीपीएस नावाची सोय आली. त्यात फोन चार्जरला दर काही सेकंदांनी सांगू शकतो, "आता ८.४२ दे, आता ८.४४ दे." २० मिलिव्होल्टच्या पायऱ्या. म्हणजे तीच कल्पना आता सगळ्यांसाठी प्रमाणात आलीय. सॅमसंगने २०१९ पासून हीच पद्धत घेतली, स्वतःची नवी भाषा काढली नाही, आणि त्यांचा वेगवान चार्जर कुठल्याही पीपीएसवाल्या फोनला चालतो. २०२१ मध्ये पीडी ४८ व्होल्ट ५ अँपिअर, म्हणजे २४० वॉटपर्यंत गेली. फोनला एवढं लागतच नाही. "प्रमाणात वेग मिळत नाही म्हणून स्वतःचं काढलं" हे २०१५ मध्ये खरं होतं. आता ते कारण उरलेलं नाही.

एक सावधगिरी मात्र. साधी टाईप-सी केबल ३ अँपिअरची असते. ५ अँपिअर हवे तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप लागते, जी चार्जरला सांगते की मी एवढं पेलते. ४५ वॉटचा सॅमसंग घेऊन "पूर्ण वेग येत नाही" म्हणणाऱ्यांना मी आधी केबल बदलायला सांगतो. आता चांगल्या केबलच्या टोकावर ६० वॉट किंवा २४० वॉट असं छापलेलं असतं, ते बघून घ्या. काहीच छापलं नसेल तर ३ अँपिअरचीच धरा.


सायंतारा

पण मग कुठलीही टाईप-सी केबल कशालाही लावली तर फोन जळेल का? घरात लहान मुलं हाताला येईल ते लावतात, म्हणून विचारते.


खटपट्या

नियमाने बनवलेली असेल तर नाही. ५ च्या वरचं व्होल्टेज फोनने स्वतः मागितल्याशिवाय येत नाही. २४० वॉटचा चार्जर छोट्या इअरबडला लावला तरी तो ५ व्होल्टच देतो आणि इअरबड त्यातून हवं तेवढंच घेतो. वॉटचा आकडा म्हणजे चार्जर जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते, किती ढकलतो ते नव्हे. मोठा चार्जर लहान फोनला बिनधास्त लावा.

धोका चुकीच्या केबलचा. २०१५-१६ मध्ये गूगलचे अभियंते बेन्सन लियुंग यांनी स्वतः विकत घेऊन बऱ्याच टाईप-सी केबल तपासल्या आणि निकाल सगळ्यांसाठी लिहिले. चौकोनी टोकापासून टाईप-सीकडे जाणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा रेझिस्टर हवा, तो फोनला सांगतो की मागे जुना, साधा पोर्ट आहे, जपून घे. कित्येक केबलमध्ये तो १० किलोओहमचा निघाला, म्हणजे केबल खोटं सांगत होती की मागे ३ अँपिअरचा दमदार चार्जर आहे. अशाने मागचा चार्जर किंवा लॅपटॉपचं पोर्ट जळू शकतं. एका केबलमध्ये तर वीज आणि ग्राउंड यांच्या तारा अदलाबदल झालेल्या होत्या, तिने त्यांचा तपासणीचा लॅपटॉपच निकामी केला. त्यानंतर मार्च २०१६ मध्ये ॲमेझॉनने प्रमाणात न बसणाऱ्या टाईप-सी केबल विकायला बंदी घातली.


निरंजनवात

हे वाचून मला वाटलं की प्रमाण कागदावर असणं आणि ते पाळलं जाणं यात केवढं अंतर आहे. टॉर्चमधले दोन रेझिस्टर, केबलमधला एक रेझिस्टर. बारीकशा वस्तू, आणि त्यांच्यावाचून "सगळ्यांसाठी एक" हा शब्द खोटा ठरतो. स्वतःची भाषा काढणाऱ्या कंपनीइतकाच राग मला आता रेझिस्टर वाचवणाऱ्यावर आहे. टाईप-सीचं भोक दिलं म्हणजे त्याने एक वचन दिलं की कुठलाही टाईप-सी चार्जर लावा, चालेल. मग ते मोडायचं नाही.

खटपट्या, आईच्या फोनसाठी काय करू? तिला दोन चार्जर वागवायचे नाहीत.


खटपट्या

तिच्या फोनच्या माहितीपत्रकात किंवा कंपनीच्या पानावर पीडी आणि पीपीएस हे शब्द शोधा, पुढे वॉटचा आकडा असेल. मग त्या आकड्याला पुरेल असा पीपीएसवाला चार्जर. चार्जरच्या अंगावर अगदी बारीक अक्षरात ओळी असतात. "५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर" या पीडीच्या ठरावीक पायऱ्या. त्यांच्याखाली "३.३ ते ११ व्होल्ट" अशी "पासून-पर्यंत" वाली ओळ दिसली तर ते पीपीएस. फोनच्या टॉर्चच्या उजेडात फोटो काढून मोठा करून वाचा, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.


निरंजनवात

वाचलं. माझ्या लॅपटॉपच्या ६५ वॉटच्या चार्जरवर पायऱ्या चार आहेत, "पासून-पर्यंत"ची ओळ नाही. धाकट्या भावाच्या ४५ वॉटच्या छोट्या चार्जरवर ती आहे, पण त्या दिवशी आम्ही तो चौकोनी पोर्टातून लावला होता, कारण हाताला तीच केबल आली. आज त्याच्या टाईप-सी पोर्टातून, दोन्ही टोकं टाईप-सी असलेल्या केबलने आईचा फोन लावला. १२ टक्क्यांवर होता. पाऊण तासाने ७१. तिच्या ८० वॉटच्या विटेइतका नाही, पण निघायच्या दिवशी एवढा पुरला असता.

भावाच्या चार्जरवर मी पांढरी चिकटपट्टी लावून "आईला हा, खालच्या भोकातून" असं लिहून ठेवलंय.


सायंतारा

टॉर्चची केबल मीही वेगळी काढली, आणि इअरबडचीही. त्यांचाही तोच आजार निघाला.